आयत्या वेळचा आनंद

कोणत्याही पतपेढीच्या किंवा मंडळाच्या वार्षिक सभेची सूचना वाचकांनी उघडून पाहावी. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाची पत्रके, हिशेबतपासनिसांची नेमणूक असे विषय क्रमाने येतात आणि सर्वांत शेवटी एक ओळ असते: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. ही ओळ ज्याने प्रथम लिहिली तो मनुष्यस्वभावाचा जाणकार असला पाहिजे. पत्रिकेत जे मावत नाही त्यासाठी त्याने दार किलकिले ठेवले. गंमत अशी की, पहिल्या पाच विषयांना सभासद पेंगत असतात आणि या शेवटच्या ओळीला मात्र खडबडून जागे होतात.

आजारपण, पाहुणे आणि मृत्यू हे आयत्या वेळचे विषय आहेत, हे आपण केव्हाच मान्य केले आहे. आनंदाविषयी मात्र आपली समजूत निराळी. लग्नकार्य असो, मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असो की वेलंकणीची यात्रा असो, आनंद हा पैसे साठवून, दिवस ठरवून, आरक्षण करून करावयाचा असतो, असे आपण धरून चालतो. ज्यांना तसे करता येत नाही त्यांच्याकडे आपण थोडेसे नाक मुरडूनच पाहतो. 'ह्यांचे सगळे आयत्या वेळी' हा आपल्याकडे दूषणाचाच शब्द आहे. परंतु ज्यांचा वेळ मुळी त्यांच्या स्वाधीनच नाही, त्यांनी आनंद केव्हा करावा? आणि तो आयत्या वेळी करावयाचा झाल्यास त्याचे मोल कोणी, कोणत्या नाण्यात मोजावे? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. आम्हांला तो तसा वाटत नाही.

निमित्त घडले ते एका पत्राचे. आमच्या परिचयाचे एक वसईकर कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. बाई परिचारिका, यजमान एका गोदामात पाळीने काम करणारे, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि त्या वेळी गावाहून काही महिन्यांसाठी आलेली आजी. ईस्टरनंतरच्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुटी होती. बाईंनी रजेचा अर्ज दोन महिने आधी दिला होता. उत्तर आले मंगळवारी, रजा सुरू व्हायची होती गुरुवारी. कोणा सहकारी भगिनीने पाळी बदलून दिली म्हणून ती तरी मिळाली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मुलांना विचारले, कोठे जायचे? उत्तर ठरलेले होते. त्या देशातील शाळकरी मुलांचे ते उत्तर पुष्कळदा ठरलेलेच असते: ओरलँडो.

ओरलँडो म्हणजे फ्लोरिडा राज्यातील ते शहर, ज्याच्या नैर्ऋत्येस वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने साठच्या दशकात दलदलीची आणि संत्र्यांच्या बागांची जमीन गुपचूप विकत घेतली. स्वतः डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारले. त्यांचे वडील बंधू रॉय यांनी निवृत्ती लांबणीवर टाकून १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'मॅजिक किंगडम' हे पहिले उद्यान उघडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेही गेले. पुढे एपकॉट (१९८२), आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते उद्यान (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८) अशी एकूण चार मोठी उद्याने त्याच आवारात झाली. आवार म्हणावयाचे एवढेच. त्याचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचा आहे. जवळच युनिव्हर्सल कंपनीने १९९० साली पहिले, १९९९ साली दुसरे आणि २२ मे २०२५ रोजी 'एपिक युनिव्हर्स' हे आणखी एक उद्यान उघडले. गोराईच्या खाडीपलीकडील एस्सेल वर्ल्ड आपल्या मुलांच्या एका पिढीला ठाऊक आहे. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद पडले. शाळेच्या सहलीबरोबर एका दिवसात बघून परत येण्याजोगे ते होते. ओरलँडोचे तसे नाही. तेथील सर्व पाहावयाचे म्हटले तर आठवडा पुरत नाही.

तेव्हा बुधवारी रात्री सामान बांधून ही मंडळी गुरुवारी पहाटे मोटारीने निघाली. विमानाचे भाडे दोन दिवस आधी विचारले तर ते ऐकूनच माणूस खाली बसेल, म्हणून सोळा-सतरा तासांचा प्रवास दोन टप्प्यांत. रस्त्यात बाई मोबाईलवर तिकिटे, खोली, वेळा जुळवत होत्या. त्यांचे शब्द असे की, 'फादर, रुग्णालयात एका वेळी आठ रुग्ण सांभाळणे याहून सोपे.'

येथे थोडे थांबून त्या व्यवस्थेचा इतिहास सांगणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण आमच्या प्रश्नाचा गाभा त्यात आहे. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत उघडले. त्या काळात आणि पुढे फ्लोरिडातही प्रवेशाचे पैसे वेगळे आणि खेळांचे वेगळे असत. खेळांसाठी कुपनांचे पुस्तक मिळे. ए पासून ई पर्यंत कुपनांच्या प्रती असत आणि ई म्हणजे सर्वांत थरारक खेळ. ज्याच्याकडे कुपने कमी त्याने कमी खेळावे. परंतु एकदा कुपन हातात असले की रांग सर्वांना एकच. गिरणीचा मालक आणि गिरणीचा कामगार एकमेकांच्या पाठीमागे उभे. १९८२ च्या सुमारास कुपने गेली आणि एका प्रवेशमूल्यात सर्व खेळ असा नियम आला. आता पैसे फाटकावर संपले. आत गेल्यावर प्रत्येकाने द्यायचा तो वेळ, म्हणजे उभे राहण्याची तयारी. १९९९ साली 'फास्टपास' आला. यंत्रातून चिठ्ठी घ्यावी, तिच्यावर छापलेल्या वेळी परत यावे आणि लहान रांगेतून जावे. त्याला पैसे पडत नसत. जो सकाळी लवकर उठला, ज्याने डोके चालवले, त्याला लाभ. पुढे २०१४ पासून ह्या चिठ्ठ्या घरबसल्या काढता येऊ लागल्या. कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी, इतरांना तीस दिवस आधी. आता लाभ दूरदृष्टीला, किंवा खरे म्हणजे ज्याला साठ दिवसांनंतरची आपली रजा आज ठाऊक आहे त्याला. महासाथीत ही पद्धत थांबली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात परत आली ती पैसे घेऊन. २०२४ च्या जुलैत तिचे नाव 'लायटनिंग लेन' असे सुटसुटीत झाले आणि हॉटेलवाल्यांना सात दिवस, इतरांना तीन दिवस आधी वेळा विकत घेता येऊ लागल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबराअखेर आणखी एक पास निघाला, ज्याने दिवसभरात कोणतीही वेळ न ठरवता पाहिजे तेव्हा जलद रांगेत शिरता येते. मॅजिक किंगडमसाठी त्याचा आरंभी जाहीर झालेला कमाल दर माणशी ४४९ डॉलर होता, तोही प्रवेशाच्या तिकिटाखेरीज.

वाचकांच्या लक्षात आले असेल की, दुर्मीळ गोष्ट सत्तर वर्षे एकच राहिली, ती म्हणजे पाळण्यातील जागा. ती वाटण्याचे नाणे मात्र बदलत गेले. आधी पैसा, मग उभे राहण्याचा धीर, मग चातुर्य, मग दूरदृष्टी आणि फिरून पैसा. प्रत्येक नाण्याबरोबर एक निराळा माणूस पुढे सरकला आणि एक निराळा मागे पडला. आयत्या वेळी येणारा दूरदृष्टीच्या काळात अगदी शेवटी होता. आजच्या काळात त्याचे दोन भाग झाले आहेत. खिसा जड असलेला आयत्या वेळचा मनुष्य आता सर्वांच्या पुढे आहे. खिसा हलका असलेला पूर्वी होता तेथेच.

आता त्या पत्राकडे येऊ. शनिवारी ही मंडळी मॅजिक किंगडममध्ये होती. तिकिटाच्या किमती दिवसागणिक वेगळ्या असतात आणि गर्दीच्या दिवसांत मोठ्या माणसाचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरांच्या घरात जाते. दहा वर्षांखालील मुलांना सवलत आहे ती नावापुरती. पाच जणांची तिकिटे घेतल्यावर जलद रांगेचा विचार त्यांनी सोडून दिला. दुपारच्या उन्हात एका खेळासाठी सव्वा तास उभे राहून ते दोन रांगा जेथे एकत्र येतात त्या ठिकाणी पोहोचले. तेथे एक कर्मचारी उभा असतो. तो जलद रांगेतील बरीच माणसे सोडतो, मग साध्या रांगेतील थोडी, मग पुन्हा जलद रांगेतील. त्यांच्या देखत एक कुटुंब हसत आले आणि न थांबता आत गेले. मुलाने आईला विचारले, 'मम्मी, हे आपल्या मागून आले ना? मग पुढे कसे गेले?' आईने उत्तर दिले, 'त्यांनी जास्त पैसे दिले.' मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'मग शाळेत रांग मोडली तर टीचर का रागावते?'

बाईंनी आम्हांला विचारले होते, 'फादर, ह्याला काय सांगायला हवे होते?' आणि पुढे एक ओळ खोडून पुन्हा लिहिली होती: 'पुढच्या वेळी पैसे असले तर मीही ते घेईन की काय, असे मला वाटले, म्हणून विचारते.'

ह्यावर एक उत्तर तयार असते. करमणुकीची गोष्ट ती, तेथे कोणावर सक्ती नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावे, ज्याला नाही त्याने रांगेत उभे राहावे किंवा घरी बसावे. रेल्वेत पहिला वर्ग असतो, नाटकाला पुढची खुर्ची महाग असते, मग येथेच नीतीचा प्रश्न कोठून उपटला? हे उत्तर टाकाऊ नाही. आम्ही स्वतः पहिल्या वर्गाला पाप मानत नाही. परंतु येथे एक भेद आहे, तो नीट पाहिला पाहिजे. मी मोठी खोली घेतली तर शेजाऱ्याची खोली लहान होत नाही. नाटकाची पुढची खुर्ची मी घेतली तरी मागे बसलेल्याचे नाटक उशिरा सुरू होत नाही. पाळण्याचे मात्र तसे नाही. एका तासात किती माणसे त्यात बसणार हे यंत्राच्या रचनेने ठरलेले असते. जलद रांग नवी जागा निर्माण करीत नाही. मी वाचवलेला तास कोठून तरी यावा लागतो, आणि तो येतो शेजारच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या तासातून. त्यांना त्याचे काही मिळत नाही. मिळते ते उद्यानाला. मुलाला जे खुपले ते हे. त्याच्याजवळ शब्द नव्हते इतकेच. अमेरिकन तत्त्वचिंतक मायकेल सँडल यांनी २०१२ साली पैशाच्या मर्यादांवर जो ग्रंथ लिहिला त्याचा आरंभच त्यांनी रांग मोडण्याच्या विक्रीने केला आहे आणि त्यात अशी उद्यानेही आहेत, यात आश्चर्य नाही.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला येथे कोणालाही आठवेल. दिवसाच्या शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरले. आयत्या वेळी येणाऱ्यांचा हा मोठा आधार. ते उशिरा का आले, तर त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते; आळशी म्हणून नव्हे. आमच्या परिचारिका भगिनीला साठ दिवस आधी रजा कोणी कळवलीच नव्हती, त्यातलाच हा प्रकार. तथापि त्या दाखल्यातील एक बारकावा आपण सहसा विसरतो. धन्याने शेवटच्यांना जे दिले ते स्वतःच्या पिशवीतून दिले. पहिल्यांच्या मजुरीतून एक पैही कापली नाही. जलद रांगेचा धनी औदार्य दाखवतो ते दुसऱ्याच्या तासातून, आणि त्याचे पैसेही घेतो.

मग आधी योजना करणाऱ्याचा काहीच हक्क नाही काय? आहे. विवेक हा मुख्य सद्गुणांपैकी एक आहे आणि पुढचे पाहणे हे त्याचे अंग आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूनेच सांगितले आहे. ज्याने वर्षभर पैसे बाजूला टाकले, नकाशे पाहिले, पावसाळी वादळांचा मोसम टाळला, त्याची सहल अधिक सुखाची व्हावी हे योग्यच. आमचे म्हणणे इतकेच की, दूरदृष्टी हा सद्गुण आणि दूरवरचे दिसण्याची सोय ही संपत्ती, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कार्यालयात बसणाऱ्याला वर्षारंभीच सुट्यांची यादी मिळते. जहाजावरच्या माणसाला, रुग्णालयातल्या परिचारिकेला, गोदामातल्या पाळीवाल्याला ती मिळत नाही. त्यांच्यातील अनेक जण इतरांहून अधिक विवेकी असतात. त्यांच्या हातात दिनदर्शिका नसते, बुद्धी असते. आपण दिनदर्शिकेलाच बुद्धी समजतो.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला रेल्वेने एक उत्तर शोधले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'तत्काळ' तिकिटे निघाली. कल्पना चांगली होती. गावाकडे वडील अत्यवस्थ आहेत आणि आज निघालेच पाहिजे, अशा माणसासाठी काही जागा राखून ठेवाव्यात, त्याने थोडे जास्त पैसे द्यावेत. पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. सकाळी दहाच्या ठोक्याला खिडकी उघडते आणि काही क्षणांत जागा संपतात. अत्यवस्थ वडिलांचा मुलगा आणि माथेरानची हवा खायला निघालेला हौशी गृहस्थ यांच्यात यंत्र भेद करू शकत नाही. २०१४ पासून काही गाड्यांत मागणी वाढेल तसे भाडे वाढणारी 'प्रीमियम तत्काळ' आली. म्हणजे निकड ओळखण्याचे साधन म्हणून पैसा धरला गेला. परंतु पैशाने निकड मोजता येत नाही. ऐपत मात्र मोजता येते.

निकड ओळखण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला तरी काय होते, याचेही उदाहरण त्याच उद्यानांत आहे. अपंग पाहुण्यांना रांगेत ताटकळावे लागू नये म्हणून डिस्नेची फार जुनी सवलत होती. २०१३ साली वर्तमानपत्रांत असे प्रसिद्ध झाले की, काही श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तीला दिवसाच्या भाड्याने बरोबर नेत आहेत, अशासाठी की त्यांच्या सवलतीत आपणही पुढे जावे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात नियम बदलले. २०२४ साली ते आणखी आवळले गेले. ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना दीर्घकाळ रांगेत उभे राहणे शक्य नाही त्यांच्यापुरती सवलत मर्यादित झाली. शरीराने दुर्बळ असलेल्या अनेकांनी त्याविरुद्ध तक्रार केली. लबाड माणसाने जे दार खिळखिळे केले ते शेवटी बंद झाले दुबळ्याच्या तोंडावर. पैसे देऊन उघडपणे पुढे जाणारा त्या लबाडाहून शतपट बरा, हेही येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. निदान तो खोटे बोलत नाही.

कोणी म्हणेल, एवढा ऊहापोह कशासाठी? पाळण्यात बसणे ती काय जीवनमरणाची गोष्ट आहे? खेळ ही हलकी गोष्ट आहे असे आमच्या सेमिनरीतील दिवसांत काही वडीलधारे मानत. संत थॉमस अक्वायनस तसे मानत नव्हते. तेराव्या शतकातील हा जाडजूड तत्त्ववेत्ता आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांचा गंभीरपणे विचार करतो. तो संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतो. शिष्यांबरोबर खेळताना पाहून लोक नाके मुरडू लागले, तेव्हा संताने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले आणि विचारले, हे तुला अखंड करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे संताने उत्तर दिले. अक्वायनस ह्यावर थांबत नाही. ज्याला हसताखेळता येत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याचेही वागणे दोषास्पद ठरते असे तो म्हणतो. आणि खेळाला तो अटी घालतो: तो अशिष्ट नसावा, त्यात मनाचा तोल सुटू नये, आणि व्यक्ती, काळ व स्थळ यांना तो शोभावा.

दुसरी अट आम्हांला ओरलँडोच्या संदर्भात फार बोलकी वाटते. मनाचा तोल सुटतो तो खेळाच्या अतिरेकाने, असे आपल्याला वाटते. तेथे तो सुटतो वेळापत्रकाने. जे आधी योजना करतात त्यांची सहल कधी कधी लष्करी मोहीम होते. आणि जे आयत्या वेळी जातात ते इतके पैसे मोजले आहेत तर वसूल केलेच पाहिजेत, ह्या भरात मुलांना फरफटत नेतात. दोघांच्याही हातात सकाळपासून मोबाईल. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. चार वर्षांच्या मुलीला त्यातले काय हवे होते? पत्रात लिहिले आहे की, तिला सर्वांत आवडले ते एक बदक, जे उपाहारगृहाच्या टेबलाखाली पावाचे तुकडे टिपत होते. 'स्पेस माउंटन' नावाच्या खेळाला किमान ४४ इंच उंची लागते. ती बसली नाही, म्हणून रडली, आणि बदक दिसताच थांबली. आजी तिच्याबरोबर तेथेच अर्धा तास बसून राहिली. त्या अर्ध्या तासाला ना तिकीट होते ना रांग.

ह्या उद्यानांत एक चांगली सोय आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लहान मूल खेळात बसू शकत नसेल तर एका पालकाने त्याच्यापाशी थांबावे, दुसऱ्याने जाऊन यावे आणि मग पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जावे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. उलट एक दुसरी सोयही काही खेळांना आहे: एकट्याने बसणाऱ्यांची रांग. मोकळ्या राहिलेल्या एकेका खुर्चीत एकेकाला बसवतात, म्हणून ती फार भराभर सरकते. अट एवढीच की, कुटुंबाने एकमेकांपासून वेगळे व्हावे. पैसे नसलेल्या आयत्या वेळच्या कुटुंबाला लवकर पुढे जाण्याचा हा फुकटचा मार्ग. एकत्र आनंद करावयास आलेल्यांनी वेगवेगळे बसून तो लवकर मिळवावा, हे वाचून आम्ही थोडे चमकलो. आमच्या मंडळींनी तो मार्ग एकदा घेतला. मुलगा परतल्यावर म्हणाला, चांगले होते, पण पप्पांचा चेहरा बघता आला नाही.

रविवारी त्यांनी उद्यानाचे तिकीट घेतले नव्हते. डिस्नेच्या आवाराजवळच पवित्र मरिया, विश्वाची राणी, हिचे मोठे मंदिर आहे. मुख्यतः पर्यटकांसाठी ते उभारले गेले आणि २००९ साली त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. आजीचा तो एकमेव आग्रह होता. मिस्सा आटोपून ही मंडळी खोलीवर आली, मुले हॉटेलच्या तरणतलावात डुंबली आणि आमची परिचारिका भगिनी दुपारी चार तास झोपली. सोमवारी यजमान मुलाला घेऊन युनिव्हर्सलला गेले. बाकीच्या तिघींनी पुन्हा तलाव धरला. चार उद्यानांचे मनोरे बांधून निघालेल्या माणसाला ही सहल अर्धवट वाटेल. व्यक्ती, काळ आणि स्थळ यांना ती शोभली, असे आम्ही म्हणू.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही त्या बाईंना लिहिले ते असे. त्याला 'त्यांनी जास्त पैसे दिले' एवढेच सांगून थांबू नये, कारण ते खरे असले तरी शाळेतील रांगेचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याला सांगावे की, शाळेत रांग सर्वांची असते, म्हणून ती मोडली की सर्वांचे काही जाते. ह्या उद्यानात मालकाने रांगेचा एक भाग विकायला काढला आहे. त्यामुळे ते कुटुंब चोर नव्हे. त्यांना रागाने पाहू नये. पण तुझा जो तास गेला तो खरोखर गेला, तुला वाटले ते चूक नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजते. मोठ्यांना समजायला कठीण जाते, कारण मोठ्यांना त्यातून निष्कर्ष काढावा लागतो.

आणि खोडून पुन्हा लिहिलेल्या त्या ओळीविषयी: पुढच्या वेळी पैसे असले तर घ्यावे काय? आम्ही निषेध लिहिला नाही. आजी थकली आहे, मुलीला ताप येऊन गेला आहे, हाती एकच दिवस आहे, अशा वेळी ती रांग विकत घेणाऱ्या आईला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. घ्यावी; परंतु दोन रांगा जेथे एकत्र येतात तेथे मान खाली घालून मोबाईलकडे पाहत जाऊ नये. शेजारी सव्वा तास उभ्या असलेल्यांकडे पाहावे. आपण कोणाच्या वेळेतून पुढे जातो आहोत हे चेहऱ्यानिशी ठाऊक असावे. कर्ज काढून मात्र घेऊ नये, हे आम्ही अधोरेखित केले. आयत्या वेळच्या रजेचे मोल वर्षभराच्या हप्त्यांनी फेडणे म्हणजे चार दिवसांच्या मोकळिकीसाठी पुढील वर्षाच्या रजाही गहाण टाकणे होय, कारण ते हप्ते फेडण्यासाठी जादा पाळ्या त्यांनाच कराव्या लागणार.

एक गोष्ट आम्ही त्यांना लिहिली नाही, कारण तिचा उपाय त्यांच्या हाती नाही. ती येथे लिहितो. तीन दिवस आधी की साठ दिवस आधी, ह्या वादात आपण उद्यानाच्या फाटकाकडेच पाहत राहतो. खरी रांग त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते. दोन महिने आधी दिलेल्या अर्जाचे उत्तर दोन दिवस आधी देणारा जो कोणी असतो, त्याच्या मेजावर ती सुरू होते. आपल्यापैकी कित्येक वाचक अशा मेजांमागे बसतात: दुकानात, कारखान्यात, शाळेत, रुग्णालयात, आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातही. अर्जावर सही करण्यास लागतो तो अर्धा मिनिट. तो अर्ध्या मिनिटाचा विलंब महिनाभर चालला की, दुसऱ्या टोकाला एका कुटुंबाला विमान परवडत नाही, साधी खोली मिळत नाही, आणि जगाला वाटते की ह्यांचे सगळे आयत्या वेळी. प्रीमियम तत्काळचा आणि जलद रांगेचा अर्धा धंदा ह्या मेजांवर उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

नाताळाच्या सुमारास त्यांचे दुसरे पत्र आले. मुलगी आता ४४ इंचांच्या जवळ पोहोचली आहे. आजी गावी परतली असून बदकाचा फोटो तिने चौकटीत लावून घेतला आहे. पुढच्या ईस्टरच्या रजेचा अर्ज बाईंनी ह्या वेळी सहा महिने आधीच दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.